भिंतीलगतचे टेबल : जुने की नवे?

आपल्या मंडळाच्या चिटणीसबाई स्मरणिकेसाठी लेख मागायला घरी आल्या, तेव्हा मी त्यांना हातच जोडले. म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. एखादी पाककृती हवी तर देते; लेखबीख मला कसला जमतो?" त्या म्हणाल्या, "पाककृती एकवीस आल्या आहेत. तुमच्या घरी त्या टेबलावरून जे महाभारत झाले, तेच लिहून द्या की!" चाळीत कोणाच्या घरातली गोष्ट झाकून राहत नसे. आता लिफ्टच्या इमारतीत आलो तरी ती झाकून राहत नाही, हेच खरे. तेव्हा भगिनींनो, सुचले तसे लिहिते. चूकभूल पदरात घ्या.

आमची गिरगावातील चाळ २०१८ साली पाडली आणि २०२४ च्या दसऱ्याला आम्ही नव्या इमारतीत परत आलो. मधली सहा वर्षे भाड्याच्या जागेत गेली. त्या काळात आमचे एक जुने टेबल वसईला ह्यांच्या एका स्नेह्यांच्या गाळ्यात सतरंजीत गुंडाळून पडले होते. सागवानी, अर्धचंद्राच्या आकाराचे, तीन पायांचे. सरळ बाजू भिंतीला टेकवायची आणि गोल बाजू पुढे. माझ्या आजेसासऱ्यांनी ते १९४७ साली, विलायतेस परत निघालेल्या एका साहेबाच्या घरच्या लिलावात घेतले, असे मामंजी सांगत. चाळीतल्या खोलीत ते दाराशेजारी असे. वर आरसा, टेबलावर किल्ल्या, दुधाची कुपने, विजेचे बिल आणि संक्रांतीला हळदीकुंकवाचे तबक.

नव्या जागेत दार उघडले की आधी चिंचोळी वाट लागते, मग हॉल. ह्या वाटेत सामान ठेवायला काहीतरी हवे, यावर सर्वांचे एकमत झाले. पण काय, यावर मात्र मुळीच नाही. आमचे चिरंजीव म्हणाले, "आई, हल्ली कन्सोल टेबल मिळते. चौदा हजार रुपये. बारा इंच रुंद, पांढरे, खाली दोन खण. ते जुने धूड आता काढून टाकू." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या पणजोबांनी घेतलेली वस्तू काढायची, तर आधी मला काढ." आणि हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोके घालून बसले. राहता राहिले मी. तेव्हा मी ठरवले, की भांडायचे तर निदान कशाबद्दल भांडतो आहोत ते समजून घेऊन भांडावे. माझी मुलगी कॉलेजात आहे. तिने ग्रंथालयातून फर्निचरच्या इतिहासावरची इंग्रजी पुस्तके आणली आणि रोज रात्री जेवणे आटोपल्यावर ती मला मराठीत सांगू लागली. ऐकता ऐकता मी चकितच झाले. एवढ्याशा टेबलाच्या पोटात केवढा इतिहास!

प्रथम त्या शब्दाचेच घ्या. कन्सोल हा फ्रेंच शब्द मुळात टेबलाचा नव्हेच. दगडी इमारतीत कंगोऱ्याला किंवा सज्जाला खालून आधार देणारा जो वळणदार कोरीव तुकडा असतो, त्याला कन्सोल म्हणत. आपण फळीखाली ब्रॅकेट मारतो ना, त्याच्याच घराण्यातला तो. पुढे युरोपातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत अशा दोन ब्रॅकेटवर संगमरवरी फरशी बसवून ती भिंतीला पक्की करू लागले. पुढे दोन वाकडे पाय, मागे पाय नाहीतच. मागचा भार भिंतीवर. अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ह्या वस्तूला कन्सोल टेबल हे नाव पडले. म्हणजे खरे कन्सोल टेबल भिंतीवाचून उभेच राहू शकत नाही. हल्ली दुकानदार भिंतीलगत ठेवण्याच्या कोणत्याही अरुंद टेबलाला कन्सोल म्हणतात, तो नुसता बोलण्याचा प्रघात.

या टेबलाचे आरशाशी फार जुने नाते आहे. पूर्वी युरोपात मोठे आरसे करण्याची विद्या व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांच्या हाती होती आणि आरसा फार महाग असे. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचा मंत्री कोल्बेर याने १६६५ साली आपल्या देशात आरशांचा कारखाना काढविला. पुढे १६७८ ते १६८४ या वर्षांत व्हर्सायच्या राजवाड्यात ती प्रसिद्ध आरशांची दालनवाट बांधली गेली. लांबी ७३ मीटर आणि आरसे ३५७! त्यात राजाने टेबले, दिवठणी, झाडांच्या कुंड्यादेखील चांदीच्या ठेवल्या होत्या. पण ते वैभव किती दिवस टिकले? १६८९ साली लढाईच्या खर्चासाठी राजाने ते सारे चांदीचे सामान वितळवून त्याची नाणी पाडली. माझ्या मुलीने हे वाचले तेव्हा सासूबाई जवळच जप करीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे राजाच्या घरीही अडचणीला भांडी मोडावी लागलीच की!" या त्यांच्या वाक्याचा मला पुढे फार उपयोग झाला, तो सांगेनच.

चांदी गेली तरी लाकूड राहिले. लाकडावर कोरीव काम करून त्यावर सोन्याचा वर्ख चढवीत. पंधराव्या लुईच्या काळात टेबलांचे पाय वेलीसारखे वळणदार. सोळाव्या लुईच्या काळात ते सरळ आणि पन्हळीदार झाले. या पायांवरून जाणकार माणूस टेबलाचा काळ ओळखतो, जसा आपण पातळाच्या काठावरून गाव ओळखतो.

इंग्लंडात थोडा निराळा प्रकार झाला. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीला तिकडे पिअर म्हणतात. दिवसा खिडक्यांतून उजेड येतो, पण मधली भिंत काळोखी राहते. म्हणून त्या जागी उंच आरसा लावायचा, खाली टेबल ठेवायचे आणि रात्री टेबलावर मेणबत्त्या लावायच्या. एका मेणबत्तीच्या आरशात दोन दिसत आणि तेवढ्याच मेणात खोलीचा उजेड वाढे. विजेचा दिवा नव्हता, त्या काळी ही केवढी युक्ती! विल्यम केंट याने पंख पसरलेल्या गरुडाच्या पाठीवर फरशी ठेवलेली टेबले काढली. थॉमस चिपेंडेल या सुताराने १७५४ साली नमुन्यांचे पुस्तकच छापले. त्यात खुर्च्या, कपाटे आणि संगमरवरी फरशीखालच्या चौकटीही होत्या. गावोगावचे सुतार ते पुस्तक बघून तशा वस्तू करू लागले. पुढे रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराच्या काळात अर्धचंद्राकार टेबलांची चलती झाली. आमच्या टेबलाचे घराणे हेच.

एक गंमत सांगते. काही टेबलांच्या खाली, मागच्या बाजूस, जमिनीलगत आरसा बसविलेला असतो. बायकांना आपल्या झग्याचा घेर नीट आहे की नाही, परकराची कड दिसत तर नाही ना, हे पाहता यावे म्हणून तो आरसा असे, अशी गोष्ट सांगतात. जाणकार म्हणतात, हे काही खरे नाही. खोलीत उजेड खेळावा आणि जमिनीवरचा गालिचा दुप्पट दिसावा म्हणून तो आरसा. पाहा भगिनींनो, आरसा दिसला की तो बायकांच्या नटण्यासाठीच, असे म्हणणारे लोक सगळ्या देशांत असतात!

मग १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. राजाराणींचा शेवट झाला आणि १७९३-९४ साली व्हर्सायच्या वाड्यातील सामानाचा लिलाव निघाला. तो वर्षभर चालला. हजारो वस्तू देशोदेशी गेल्या. आता तेथील संग्रहालय त्यांतल्या सापडतील त्या वस्तू शोधून, मोठाल्या किमती देऊन, परत आणते आहे. विकताना जी वस्तू डोईजड वाटते, तीच परत आणताना किती जड जाते!

आता आपल्याकडे वळू. मी माहेरची कोकणातली. आमच्या घरी ओटीवर बैठक, माजघरात पाट, देवापुढे चौरंग. टेबल म्हणून नाहीच. मग किल्ल्या कुठे ठेवीत? कोनाड्यात. दिवा कुठे? दिवळीत. लोणच्याची बरणी, औषधाची सहाण, वडिलांची चष्म्याची घरटी? फडताळात. टोपी, छत्री खुंटीवर. भिंती हात-दीड हात जाडीच्या, म्हणून आपल्या घरातले टेबल भिंतीच्या पोटात असे. युरोपात श्रीमंतांच्या भिंतीवर लाकडी तावदाने नि चित्रे, त्यामुळे त्यांचे टेबल भिंतीच्या बाहेर आले. काम दोघांचे एकच, घरात येता-जाता हाताशी लागणारी वस्तू ठेवण्याचे. पण आता आपल्या भिंती चार नि सहा इंचांच्या झाल्या. कोनाडा गेला, फडताळ गेले, खुंटी गेली. म्हणून आम्हा बायकांना दाराशी टेबल हवेसे वाटू लागले आहे. मुलगा म्हणाला होता, "ही नवी फॅशन आहे." मी त्याला म्हटले, "फॅशन नव्हे रे बाळा, हा तुझ्या आजोळचा कोनाडाच बाहेर आला आहे."

खुर्च्या-टेबले आपल्याकडे रुळली ती पोर्तुगीज आणि मग इंग्रज आले तेव्हा. अलमारी, चावी हे शब्द पोर्तुगीज आहेत आणि लिलाव हा शब्दही त्यांचाच. गोव्याच्या सुतारांनी शिसवी लाकडावर युरोपी आकार आणि आपली वेलबुट्टी अशी सुंदर सांगड घातली. चांदरचे मिनेझिस ब्रागांसा यांचे मोठे घर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तेथील कोरीव सामान आठवेल. मुंबईतही एकोणिसाव्या शतकात शिसवीचे कोरीव फर्निचर करणारे कारागीर नावाजलेले होते. साहेब लोक विलायतेस परत जाताना बहुधा घरातले सामान लिलावात काढीत. टेबले बोटीवर घालून नेण्यापेक्षा ते स्वस्त पडे. अशा लिलावांतूनच मुंबईच्या पुष्कळ मराठी, पारशी, गुजराती घरांत पहिले टेबल, पहिले आरशाचे कपाट आले. आणि टीपॉय हा शब्द तुम्हाला चहाचा वाटतो ना? तो तीन पाय यावरून झाला. आपला शब्द साहेबाच्या घरी नोकरीला गेला आणि साहेबी पोशाख करून परत आला!

पॉलिशचीही तीच कथा. सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते लाखेचे असते आणि लाख तयार होते आपल्याकडे, पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवरच्या बारीक किड्यांपासून. एकोणिसाव्या शतकात युरोपात ह्या पॉलिशचे वेड लागले. हे पॉलिश दिसायला काचेसारखे, पण नाजूक. गरम पातेले ठेवले की पांढरे वर्तुळ उठते आणि स्पिरिट सांडले की ते विरघळते. २०२० साली करोनाच्या दिवसांत आमच्या शेजाऱ्यांनी दाराजवळच्या जुन्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली ठेवली. महिन्याभरात बाटलीभोवती टेबलाला कोड फुटले. सॅनिटायझरमध्येही अल्कोहोलच असते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आता नव्या टेबलाचीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर चिरंजीव म्हणतील आईने एकतर्फी निकाल दिला. १९१९ साली जर्मनीत वायमार गावी बौहाउस नावाची कलाशाळा निघाली. नक्षी कमी, उपयोग जास्त आणि यंत्रावर सहज होईल अशी वस्तू सर्वांच्या घरी जावी, असा त्या शाळेचा कटाक्ष होता. तेथील मार्सेल ब्रॉयर याने १९२५ च्या सुमारास वाकविलेल्या पोलादी नळ्यांच्या खुर्च्या केल्या. ज्याला आपण सरसकट सनमायका म्हणतो तसला पत्रा अमेरिकेत १९१२ साली निघाला. तो विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरण्यासाठी होता, म्हणून त्याचे नाव फॉर्मायका. पुढे तो स्वयंपाकघरात आला आणि बायकांचे पुसण्याचे श्रम वाचले. १९५६ साली स्वीडनच्या आयकिया कंपनीत मोटारीत टेबल मावेना, म्हणून एकाने त्याचे पाय काढून ठेवले. त्यातून सुटे भाग खोक्यात घालून विकण्याची रीत त्या कंपनीने उचलली. ती कंपनी आपल्याकडे २०१८ साली हैदराबादेस आणि २०२० साली नवी मुंबईत आली. टेबलाचे पाय काढण्याएवढी साधी गोष्ट, पण तिने गरिबाच्या घरी टेबल नेले. राजाच्या दालनातली वस्तू आज नोकरदार मुलगा हप्त्याने घेऊ शकतो, याला मी नावे कशी ठेवू?

दोष एवढाच, की स्वस्तातले नवे टेबल बहुधा लाकडाच्या भुश्शाचे आणि गोंदाचे असते. वरचा पत्रा उचकटला आणि आत पाणी शिरले की ते भिजल्या पावासारखे फुगते आणि पुन्हा बसत नाही. दाराशी आपण काय ठेवतो? पावसाळ्यात ओली छत्री!

इतके ज्ञान मिळवून मी आमच्या टेबलाची परीक्षा करायला बसले. मुलीने विजेरी धरली आणि मी चक्क टेबलाखाली आडवी झाले. खालच्या बाजूस रंध्याचे हाताने मारलेले उंचसखल पट्टे बोटांना लागत होते. खणाच्या कोपऱ्यातले दात एकसारखे नव्हते, म्हणजे हाताने कापलेले. जुने स्क्रू एका खाचेचे, त्यांच्या खाचाही थोड्या तिरक्या. एका पायाला मात्र अधिकच्या खुणेचे स्क्रू दिसले. तसले स्क्रू अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात निघाले. मुलगी म्हणाली, "आई, टेबल खोटे निघाले!" सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "तो पाय तुझ्या आजोबांनी मीच सांगितल्यावर दुरुस्त केला होता." म्हणजे नवा स्क्रू दिसला म्हणून वस्तू खोटी नव्हे आणि जुना दिसला म्हणून खरी नव्हे. भारतात १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते. आमचे टेबल तेवढे जुने आहे की नाही हे सिद्ध करायला कागद नाही आणि आम्हाला ते करायचेही नाही.

पण त्या तपासणीत एक नवी गोष्ट दिसली. टेबलाच्या सरळ कडेला, जी नेहमी भिंतीकडे असे, तीन खाचा आणि पितळेच्या पट्टीचा अर्धा तुकडा होता. मुलीने पुस्तक उघडले. अशी टेबले जोडीने करीत. एरवी दोन भिंतींना दोन. पाहुणे आले की दोन्ही एकत्र आणायची, खाचेत खुंटी बसवायची, पितळेची कडी लावायची, की पूर्ण गोल टेबल तयार. मला हे ऐकून धस्सच झाले. कारण आमच्या घरी तशी दोन टेबले होती.

मामंजी २००९ साली गेले आणि २०११ साली माझे धाकटे दीर डोंबिवलीस वेगळे राहायला गेले. भांडीकुंडी वाटली, तशी टेबलेही वाटली, एक आम्हाला, एक त्यांना. ती जोडून एक होतात हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. साहेबाच्या घरून आल्यापासून ती कधी जोडलीच नव्हती. पुढे तीन-चार वर्षांनी कानावर आले, की भाऊजींनी बापाचे टेबल विकले आणि मोठा टीव्ही आणला. त्यावरून ह्यांचे माथे फिरले. चार शब्द फोनवर झाले. मग लग्नकार्यात समोर आलो तर "बरे आहे ना" एवढेच. दहा वर्षे! मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे मीही ते टीव्हीचे मीठमसाला लावून सांगितले आहे. ते ऐकणाऱ्या काहीजणी हे वाचीत असतील, म्हणून येथेच कबूल करते.

त्या खाचा पाहिल्यावर मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाऊबाईंना फोन केला. म्हटले, "तुमच्याकडच्या टेबलाला मागे तीन भोके होती का हो?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "होती. मी त्यांत अगरबत्ती खोवीत असे." आणि रडू लागल्या. २०१४ साली भाऊजी आजारी पडले, पोटाचे ऑपरेशन झाले, दोन महिने पगार नव्हता. भाऊजींनी मोठ्या भावाला कळवू नको म्हणून शपथ घातली होती. टेबल, तांब्याचा बंब आणि त्यांच्या दोन बांगड्या एकाच आठवड्यात गेल्या. टीव्ही त्यांच्या भावाने दिलेला, भाऊजी अंथरुणावर होते म्हणून.

मी फोन ठेवला आणि सासूबाईंना सांगायला गेले. वाटले, त्या रागावतील. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तो राजा चांदी वितळवतो ते चालते, माझ्या लेकाने लाकूड विकले ते नाही चालत काय?" त्या रात्री ह्यांनी आपण होऊन भावाला फोन केला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही; गॅलरीचे दार ह्यांनी लावून घेतले होते. पण फोन पाऊण तास चालला, एवढे घड्याळात पाहिले.

आता निकाल. मी टेप घेऊन मोजमाप केले, जे खरे म्हणजे आधी करायला हवे होते. वाटेची रुंदी ३९ इंच. जुन्या टेबलाची खोली १९ इंच. उरते २० इंच. सासूबाईंचा वॉकर २२ इंच रुंद. म्हणजे ज्या टेबलासाठी त्या भांडत होत्या, त्याच टेबलाने त्यांची वाट अडली असती. नवे बारा इंचांचे टेबल मावले असते, पण वॉकरचा पाय त्याच्या पायात अडकण्याचा धाक आणि ओल्या छत्रीचे भय आहेच. एकदा मोहापायी जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्यालाही बोलावले. त्याने आमच्या टेबलाला "जुने लाकूड, कोण घेतो बाई" म्हणून साडेतीन हजार सांगितले. पुढच्या आठवड्यात मी त्याच्या दुकानी गेले, तर असल्याच एका अर्ध्या टेबलावर अठ्ठावीस हजारांची चिठ्ठी आणि तो म्हणतो, "खास अँटिक आहे!" विकत घेताना जुने, विकताना अँटिक, मधले अंतर साडेचोवीस हजार.

शेवटी मला तो कन्सोल शब्दच कामी आला. मूळ कन्सोल म्हणजे ब्रॅकेट. चाळ पाडली तेव्हा ह्यांनी आमच्या खोलीच्या दाराची सागवानी फळी आठवण म्हणून काढून ठेवली होती. सुताराला बोलावून तिची आठ इंच रुंद, तीन फूट लांब पट्टी काढविली, कोपरे गोल करविले आणि दोन ब्रॅकेटवर ती वाटेच्या भिंतीला पक्की केली. खाली पाय नाहीत, वॉकरला ३१ इंच मोकळी वाट, वर आरसा. मजुरी धरून खर्च साडेतीन हजार. म्हणजे व्यापाऱ्याने जेवढे देऊ केले तेवढाच. चिरंजीवांना ती फारच आधुनिक वाटते आणि सासूबाई म्हणतात, "हे आमचे जुने दार." दोघांचेही खरे आहे. जुने टेबल हॉलमध्ये खिडकीखाली आले. वर काच न घालता सुती रुमाल घातला आहे. बाटली ठेवायची मनाई.

ज्या भगिनी असे टेबल घेण्याच्या विचारात असतील, त्यांना माझे एवढेच सांगणे. आधी वाट मोजा, मग टेबल पाहा. घरात जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या मापाने मोजा. जुने घेणार तर उलटे करून पाहा, खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर भुंगेरा आत आहे असे समजा. नवे घेणार तर कडा पाहा. कडेची पट्टी सैल असेल तर पावसाळा त्याला सोडणार नाही. आणि घरातले विकणार तर घरातल्या सर्वांना विचारून विका. अडचण असेल तर अडचणही सांगून विका.

यंदाच्या संक्रांतीला जाऊबाई हळदीकुंकवाला आल्या. चौदा वर्षांत प्रथमच. मी तबक त्या अर्ध्या टेबलावर मांडले होते. त्यांनी वाण घेतले, मग टेबल भिंतीपासून थोडे पुढे ओढले आणि मागच्या खाचेत बोट घालून पाहिले. म्हणाल्या, "अहो, तुमच्यातली अजून स्वच्छ आहेत. आमच्यात राख भरली होती." आणि आम्ही दोघी हसलो. दुसरा अर्धा आता कोणाच्या घरी आहे, देव जाणे. जेथे असेल तेथे भिंतीला टेकून नीट उभा असो.